दोनशे ऐंशी मीटर

सोनबर्डीच्या सरकारी विहिरीत त्या सकाळी दीड हात पाणी होतं, आणि अकरा वाजता आमदार येणार होते.

दीड हात हे उगीच म्हणायला. तुळसाबाई टेकामची सून दोर धरून आत उतरली होती. जर्मनच्या वाडग्यानं तळ खरवडून ती बादली भरत होती. वर कोलामांच्या पोडावरच्या, त्यांच्या वस्तीतल्या पंधरा-सोळा बायका रिकाम्या घागरी घेऊन काठाला बसल्या होत्या. सरपंच इंदूबाई नगराळे खाली मान घालून तिथून निघाली होती, पण तुळसाबाईनं तिला सोडलं नाही.

"काय वं इंदू, तुहा आमदार येऊन राह्यला म्हणते आज?"

"माहा कायचा? सगळ्याईचा हाये तो."

"आमचा असता त आमचा फोटो छापला असता पुस्तकावर. तुहाच छापला."

बायका हसल्या. त्या हसण्यात माया नव्हती.

फोटोची गोष्ट दोन वर्षांमागची. आमदार दीनानाथ येलमवार पांढरकवड्याचे, तीन पिढ्यांचं वकिलीचं घर. माणूस स्वच्छ होता, हे आधीच सांगितलेलं बरं. एसटीनं फिरायचे, सभेतला चहासुद्धा स्वतःच्या पैशानं प्यायचे, आणि आमदारकीची पेन्शन घेणार नाही असं स्टँपपेपरवर लिहून दिलेलं. त्यांचं म्हणणं विधानसभेत जे, तेच तेरवीच्या पंगतीतही. नियम म्हणजे एक टेबल, आणि टेबल आलं की त्याच्यामागे हात आलाच. सरकारनं कर्ज काढून काही करू नये, कारण ते कर्ज अजून पोटातही नसलेलं पोर फेडतं. आणि झाडं-पाणी-जंगल म्हणाल तर ज्याची जमीन त्याला जपू द्या, सरकार नुसतं पाट्या ठोकतं.

लोकांना पटायचं. का नाही पटणार? टेबलामागचा हात सगळ्यांनीच पाहिला होता.

तर हे वकीलसाहेब एक वही घेऊन गावोगाव फिरले. तुम्हाला नडणारा नियम सांगा, मी मोडून देतो. सोनबर्डीत पहिली उठली ती इंदूबाई. तिनं सांगितलं, आम्हाला शेतात बोअर मारायचा आहे, पण सरकारी विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत मारता येत नाही म्हणतात. अर्ज तीनदा वापस आला. चौथ्यांदा गेलो तर बाबू म्हणतो, नियम कडक आहे, पण माणूस नरम पडू शकते. समाजमंदिर टाळ्यांनी दणाणलं. इंदूबाईनं त्या टाळ्या घेतल्या. विहिरीत तेव्हा सात हात पाणी होतं, म्हणून वाजवणाऱ्यांनाही काही वाटलं नाही. आपलं पाणी ज्या कुंपणानं राखलं होतं ते कुंपण गावानं स्वतः, हसत हसत, उपटून दिलं.

आमदारांनी विधानसभेत तिचं नाव घेतलं. पुस्तिका काढली, वर तिचा फोटो. झगडून झगडून तालुक्यापुरती दोन वर्षांची सूट आणली. पहिल्या महिन्यात इंदूबाईच्या नवऱ्यानं, उकंडानं, बोअर मारला. दोनशे फुटांवर अडीच इंच पाणी लागलं. दुसऱ्या महिन्यात बर्डीच्या टेकडीमागच्या डोलोमाइट दळायच्या कारखान्यानं तीन मारले, चारशे फूट खोल. पुढच्या उन्हाळ्यात विहीर चार हातांवर आली आणि या उन्हाळ्यात तळाला.

कारखान्यानं विहीर पिऊन टाकली, असं गाव म्हणायचं. इंदूबाईही म्हणायची, आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची. पण अर्जासाठी तिनं आणि उकंडानं आपल्या बोअरची जागा विहिरीपासून स्वतः टेप धरून मोजली होती. कारखान्याचा सगळ्यांत जवळचा बोअर विहिरीपासून तीनशे चाळीस मीटर. त्या दोघांचा दोनशे ऐंशी. हा आकडा गावात दोघांनाच ठाऊक होता, आणि वर्षभर इंदूबाईनं तो तोंडाबाहेर पडू दिला नव्हता.

आता सूट संपत आली होती. ती कायमची करायची की नियम परत आणायचा, हे ठरवायला आमदारांची समिती येत होती. अध्यक्ष खुद्द येलमवार, आणि पहिली साक्षीदार इंदूबाई.

नऊ वाजता आमदारांचा पीए श्रेयस मोटारसायकलवर आला. टाय-बिय लावलेला, घामानं चिंब.

"इंदूताई, एवढं वाचलं की झालं. अर्धंच पान आहे."

तिनं वाचलं. सूट मिळाल्यामुळे आमच्या गावची प्रगती झाली असून पाण्याच्या स्थितीवर कोणताही विपरीत परिणाम झालेला नाही.

"हे कोनं लिवलं?"

"मी. साहेबांनी अजून पाहिलं नाही."

"विहिरीत उतरून पाह्यलं का तू?"

"ताई, उन्हाळा आहे. एप्रिलमध्ये कुठल्या विहिरीला पाणी असतं?"

"या विहिरीले असे. बहात्तरच्या दुष्काळात खंदली ते. माही सासू सांगे, गावच्या जुन्या विहिरीवर आमाले चढू देत नव्हते, दुसऱ्यानं वरून ओतलं त प्यायचं. या विहिरीवर पयल्यांदा आमच्या बायाईनं स्वतःच्या हातानं दोर सोडला. बहात्तरपासून ते आटली नाई. आता आटली."

श्रेयसनं रुमालानं मान पुसली. "ताई, सूट गेली तर सगळ्यात आधी कोणाचा बोअर बंद होईल, विचार केलाय?"

धमकी नव्हती ती. पोरगा खरंच विचारत होता, म्हणून ते जास्त लागलं.

घरात उकंडा कुडाला टेकून ऐकत होता. श्रेयस गेला तसा तो म्हणाला, "वाचून टाक."

"खोटं हाये ते."

"असन. दोन एकर भुईमूग उभा हाये, शेंगा भरून राह्यल्या. तीन पाणी लागते आखीन. वीस दिवस. वीस दिवस खोटं बोल, मंग हरिश्चंद्र हो."

"अन् पोडावरच्या बाया वीस दिवस काय पितीन?"

"माह्या बोअरनं आटली का विहीर? कारखान्यानं आटवली."

इंदूबाईनं त्याच्याकडे पाहिलं. उकंडानं नजर फिरवली. आकडा दोघांच्या मध्ये बसून होता.

समाजमंदिरात माणसं खच्चून भरली. समितीचे बाकीचे दोन सदस्य ऊन लागलं म्हणून पांढरकवड्याच्या रेस्ट हाऊसवरच थांबले. समितीला ऊन लागतं, पोडाला लागत नाही. येलमवार एकटे आले, सोबत लॅपटॉप घेतलेली टंकलेखक अनघा. पांढरा शर्ट, साधी चप्पल. आल्या आल्या त्यांनी पंखा स्वतःवरून हटवून लोकांकडे फिरवला. असा माणूस. याच्यावर राग काढायचा तरी कसा?

"बोला इंदूबाई. तुमच्यामुळेच हे सगळं सुरू झालं."

इंदूबाई उठली. कागद तिनं घडी करून टेबलावर ठेवला.

"हे मी वाचत नाई साहेब. माह्यं चुकलं. नियम वापस पायजे."

श्रेयसनं डोळे मिटले. येलमवारांनी कागद उघडला, वाचला, श्रेयसकडे एकदा पाहिलं, आणि तो फाडून खिशात टाकला.

"बरं केलंत वाचला नाहीत. आता तुमचं सांगा. नियम का हवा?"

"विहीर आटली."

"कशानं?"

"बोअरनं."

"कोणाच्या?"

खरं म्हणजे इथेच ती कारखाना म्हणू शकत होती. अख्खं गाव तेच ऐकायला बसलं होतं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. येलमवार वकील होते. पस्तीस वर्षं त्यांनी साक्षीदाराची मिटलेली तोंडंच पाहिली होती. त्यांनी नकाशा काढला.

"कारखान्याचा जवळचा बोअर विहिरीपासून तीनशे चाळीस मीटर आहे. बरोबर?"

"व्हय."

"त्याहून जवळ दुसरा कोणाचा आहे?"

उकंडा दारात उभा होता. त्यानं चौकट धरली.

"माहा हाये," इंदूबाई म्हणाली. "दोनशे ऐंशी."

मागून एक आवाज आला, बायकांचा, एकदम श्वास आत ओढल्यासारखा. तुळसाबाई उठून उभी राहिली. इंदूबाईकडे नुसती पाहत राहिली. त्या पाहण्यापेक्षा शिवी बरी.

"म्हणजे नियम परत आला, तर पहिला बोअर तुमचा जाईल," येलमवार हळू म्हणाले. "माहीत आहे ना?"

"माहीत हाये."

"शेतात पीक आहे?"

"भुईमूग हाये."

"मग बंद कराल?"

"करतो. आजच करतो. लिवा."

दारातून उकंडा ओरडला, "इंदे!" दोघा-तिघांनी त्याला धरलं. अनघाची बोटं थांबली. येलमवार मात्र खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा चेहरा उजळला होता, आणि त्यात कपट नव्हतं. हीच तर भीतीची गोष्ट. चोराला पकडता येतं. आपलं म्हणणं खरं ठरलं म्हणून आनंदलेल्या प्रामाणिक माणसाला कुठून पकडायचं?

"ऐका सगळ्यांनी," ते म्हणाले. "या बाईंना कोणी नोटीस दिली? कोणी दंड लावला? नाही. शेजारी तहानलेला दिसला आणि त्या स्वतःहून म्हणाल्या, माझा बोअर बंद करते. मी दहा वर्षं हेच सांगतोय. नियमानं माणूस चांगला होत नाही. मोकळा सोडला की होतो. अनघा, हे शब्द जसेच्या तसे घ्या. सूट कायम ठेवायला याहून मोठा पुरावा मला नको."

काही लोकांनी टाळ्याही वाजवल्या. दोन वर्षांपूर्वीच्याच टाळ्या, त्याच हातांच्या. इंदूबाई उभीच होती. आपण काय बोललो आणि त्याचं काय झालं, हे तिच्या ध्यानात यायला दोन क्षण लागले. तिनं स्वतःचा बोअर दिला होता, आणि त्यांनी तो कारखान्याच्या तीन बोअरखाली टेकू म्हणून लावला होता.

"साहेब, थांबा."

"बोला ना."

"मी आज बंद करतो. कारखाना कधी करन?"

"त्यांना मी पत्र लिहीन. तुमचं उदाहरण देईन."

"अन् त्याईनं नाई ऐकलं त?"

"समाजाचा दबाव असतो, इंदूबाई. नावाची चाड असते."

"त्याचा मालक कुठी राह्यते?"

"हैदराबादला."

"त्याले आमच्या दबावाची कायची चाड? तो काय आमच्या विहिरीवर घागर घेऊन येते का, बाया त्याले टोमणे मारतीन म्हणून? मले तुळसाबाईच्या तोंडाकडं पाहा लागते. त्याले कोनाच्या पाहा लागते?"

"मग तो कारखानाही बंद करायचा? चाळीस माणसं कामाला आहेत तिथं. पर्यावरणाच्या नावानं कागद नाचवायचे, दोन वर्षं अभ्यास करायचा, आणि चाळीस घरांची चूल विझवायची?"

"बंद कोन म्हन्ते? पाचशे मीटरच्या पल्याड जाय म्हना. तिकडं त्याचीच जमीन हाये. पण तो जाणार नाई, कारन जा म्हणणारा नियमच तुमी काढला. म्यां काढाले लावला. मी त बाबूवर चिडलो होतो साहेब. बाबूले हाकलायचं सोडून आपन नियम हाकलला."

आता तुळसाबाई बोलली. ती एरवी कोलामीत पुटपुटायची, पण हे तिनं सगळ्यांना कळेल असं म्हटलं.

"वकीलसाहेब, नळाची योजना येऊन राह्यली होती आमच्या पोडावर. पाइपाची मापं बी झाली होती. ते काहून अडली?"

"अडली नाही, मी अडवली," येलमवार म्हणाले. लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "तुमच्याशी वैर म्हणून नाही. ती कर्जातून होती. राज्यावर आधीच डोंगराएवढं कर्ज आहे. जन्माला न आलेल्या पोराच्या डोक्यावर मी आणखी ओझं टाकणार नाही."

"पोर जन्माले याले त्याच्या मायले पानी प्या लागते ना बाप्पा," तुळसाबाई म्हणाली. "माही सून सातव्या महिन्याची हाये. सकाळी ते विहिरीत उतरली होती."

येलमवारांनी पाण्याचा ग्लास उचलला होता. तो त्यांनी तसाच खाली ठेवला. पण मत खाली ठेवलं नाही. "ते चुकीचं झालं. तिला उतरू द्यायला नको होतं," एवढंच म्हणाले. जसं काही विहिरीत उतरायची हौस होती तिला.

इंदूबाईनं अनघासमोर टेबलावर हात टेकले.

"बाई, माह्यं पयलं खोडा. नवं लिवा. इंदूबाई उकंडा नगराळे, सरपंच, आपल्या मनानं बोअर बंद करत नाई. नियम आना. नियमानं बंद करा, पयला माहा करा, अन् त्याच दिवशी, त्याच कागदानं कारखान्याचे तीन करा. तोवर माहा चालू राहीन."

आता गलका झाला. बायका उठल्या. "पाह्यलं? फिरली!" "शेंगा आठवल्या व तिले!" पोडावरची एक जण तिच्या अंगावरच धावून आली, तुळसाबाईनं तिला मागे ओढलं, पण स्वतः थुंकली, अगदी इंदूबाईच्या पायाजवळ. इंदूबाई हलली नाही. समजावून सांगायला वेळ नव्हता, आणि सांगितलं असतं तरी तहानलेल्या माणसाला एवढा लांबचा हिशेब कोणी ऐकवावा?

येलमवार तिच्याकडे बघत होते. त्यांना मात्र सगळं कळलं होतं. आपल्या हातातला पुरावा या बाईनं गावाच्या शिव्या खाऊन परत काढून घेतला, हे त्या गर्दीत फक्त त्यांना कळलं.

"असंच लिहू?" त्यांनी विचारलं. "लोक तुम्हाला स्वार्थी म्हणतील. विधानसभेतही म्हणतील. मला म्हणावं लागेल."

"म्हना. पन लिवा जसंच्या तसं."

त्यांनी लिहून घेतलं. वाचून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. तिनं सही केली. जाताना दारात ते थांबले आणि म्हणाले, "तुमच्याविरुद्ध मत देताना मला बरं वाटणार नाही." मत ते तिच्याविरुद्धच देणार होते.

त्या आठवड्यात शेतीची लाईट दुपारी दोनला यायची. त्याच दिवशी दीड वाजता इंदूबाई शेतात पोचली. भुईमुगात पसरलेला काळा पाइप तिनं जोडावरून सोडवला आणि ओढत ओढत धुऱ्याच्या बांधावरून रस्त्याकडे आणला. रस्त्यापर्यंतच पुरला तो, विहिरीपर्यंत नाही. मग ती पोडाच्या वाटेवर जाऊन ओरडली, "घागरी घेऊन या!"

कोणी हललं नाही. शेवटी तुळसाबाई आली, भांडायलाच आली असावी. तिच्यामागे दोघी, मग सगळ्या. रस्त्याच्या पलीकडे त्या उभ्या राहिल्या. जवळ आल्या नाहीत.

दोन वाजता लाईट आली. इंदूबाईनं स्टार्टर दाबला. पाइप सापासारखा सरसरला, फुगत फुगत रस्त्याकडे निघाला, आणि मध्येच थांबला. उकंडा त्याच्यावर पाय देऊन उभा होता.

"पाय काढा."

"बंद नाई करत म्हणाली ना? सगळ्याईसमोर म्हणाली."

"बंद कुठी केला? चालू हाये. पानी कोनाले द्यायचं थे म्यां त्या कागदावर लिवलं नाई."

"अन् भुईमूग?"

भुईमूग समोर होता, हिरवागार, दुपारच्या उन्हात पानं मिटून घेतलेला. तीन पाणी. वीस दिवस. फेब्रुवारीपासून दोघांनी त्यात वाकून कंबरा मोडल्या होत्या. उकंडाच्या पायाखाली पाइप थरथरत होता, मागच्या जोडातून बारीक फवारा उडायला लागला होता.

"त्या थुंकल्या तुह्यावर," तो म्हणाला.

"त्याईचा हक हाये. दोनशे ऐंशी मीटर आपनच मोजलं होतं. तुमी टेपाचं एक टोक धरलं होतं, म्यां दुसरं."

उकंडानं रस्त्यापलीकडे पाहिलं. तुळसाबाईची सून पोटावर पदर घेऊन दगडावर टेकली होती, तिच्या घोट्यांवर विहिरीतला गाळ वाळून पांढरा झाला होता. त्यानं एक शिवी हासडली. ती आमदाराला होती, बायकोला होती की स्वतःला, कोणाला कळलं नाही. पाय काढला आणि पिकाकडे मान न वळवता घराच्या वाटेला लागला.

पाणी एकदम आलं. इंदूबाईच्या हातातून पाइप निसटला, धूळ उडाली, बायका मागे सरकल्या आणि मग पुढे आल्या. पहिली घागर तुळसाबाईची भरली. तिनं ती उचलली नाही.

"उद्या?"

"उद्या बी."

"तुहा बोअर किती दिवस चालन? कारखान्याचे तीन हायेत, चारशे फुटाचे. थे तुहं बी ओढून घेतीन."

इंदूबाईनं पाइप दुसऱ्या घागरीत घातला.

"पाय उचल भराभर," ती म्हणाली. "मागं बाया उभ्या हायेत."